कोंड्याचा मांडा

पोटाविषयी बोलायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही, फक्त ऐकणारा लागतो. नाशकात तो सकाळी हमखास मिळतो. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ज्येष्ठांच्या एखाद्या टोळक्यामागून चालायला लागावं. पहिल्या फेरीत राजकारण संपतं आणि दुसरीत पोट सुरू होतं.

‘‘डॉक्टर म्हणाले, फायबर वाढवा.’’

‘‘मग वाढवलं का?’’

‘‘वाढवलं की. लेकीनं पुण्याहून डबा पाठवला. पांढरी पावडर आहे, चहात टाकली तर कळतसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पोटाचा नगारा!’’

‘‘आम्ही बुवा इसबगोलवाले. रात्री कोमट पाण्यात दोन चमचे. सकाळी काम फत्ते.’’

‘‘मला तर इसबगोलानं उलट घट्ट होतं.’’

सल्ला एकच आणि तऱ्हा तीन. गंमत अशी, की तिघंही खरं बोलत असतात. तिघांचीही पोटं निरोगी असू शकतात आणि डॉक्टरांचंही काही चुकलेलं नसतं. फायबर ही एकच वस्तू आहे, ती कमी पडली की वाढवायची आणि वाढवली की गुण येतो, हा समज तेवढा चुकीचा.

आपल्या लहान आतड्यातल्या पाचकरसांना जे मोडता येत नाही, त्या वनस्पतीतल्या सगळ्या मालाला मिळून तंतू म्हणतात. यात गव्हाचा कोंडा येतो, पेरूतला गर येतो, मटकीचं साल येतं आणि कांद्यातली एक जातीची साखरही येते. न पचणं एवढाच त्यांच्यातला समान धागा. पुढे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

इसबगोल घ्या. उत्तर गुजरात आणि राजस्थानात हे पीक निघतं, मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझ्याला त्याचा मोठा बाजार भरतो आणि तिथून त्याचं साल डब्यांत भरून आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत येतं. पाणी शोषून फुगायचं आणि बुळबुळीत लगदा होऊन पुढे सरकायचं, एवढंच हे साल करतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना ते फारसं खाता येत नाही, म्हणून वायू कमी धरतो. पण पाणी मात्र त्याला हवंच. ग्लासभर पाणी न पिता कोरडं तोंडात टाकलं तर ते घशात अडकू शकतं, आणि पाणी बेताचंच प्यायलं तर आतड्यात त्याचा गोळा होऊन बसतो. ‘उलट घट्ट होतं’ म्हणणाऱ्या काकांना मी हळूच विचारलं, ‘‘पाणी किती पिता हो?’’ तर म्हणाले, ‘‘रात्री उठायला लागतं, म्हणून संध्याकाळनंतर पीतच नाही.’’

पुण्याहून आलेल्या पांढऱ्या पावडरीचा स्वभाव याच्या अगदी उलटा. तिचं नाव इन्युलिन. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळातून ती काढतात. फळसाखरेचे कण साखळीनं जोडले गेले की इन्युलिन होतं. ते पाण्यात विरघळतं, जिभेला किंचित गोडसर लागतं, डोळ्यांना दिसत नाही. लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे जातं आणि मोठ्या आतड्यात पोचल्याबरोबर तिथल्या जिवाणूंच्या हाती सापडतं. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, काही जणांच्या पोटात मिथेनही. सोबत काही आम्लंही तयार होतात आणि त्यातलं एक, ब्युटिरेट, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न आहे. म्हणजे फायदा आणि फुगारा एकाच कामातून निघतात. एक हवा आणि दुसरा नको, असं म्हणून चालत नाही. फार तर दोन्ही बेताबेतानं येतील अशी व्यवस्था करता येते.

ही पावडर पुण्याहून नाशकाला यावी, याचं मला हसू येतं. कारण त्याच घराण्याचा माल आमचा जिल्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून साऱ्या देशाला पाठवतो. बटाटा आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात साठवतो. कांदा ती फ्रुक्टनच्या, म्हणजे याच फळसाखरेच्या साखळ्यांच्या रूपात साठवतो. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत लिलावाला उभ्या असलेल्या वाहनांत, पोषणशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर, इन्युलिनचे सख्खे भाऊबंदच भरलेले असतात. चाळीत कांदा महिनोन् महिने पडून राहिला, कोंब यायच्या बेतात आला, की या साखळ्या हळूहळू तुटतात आणि साध्या साखरा होतात. भाव चढेल म्हणून शेतकरी थांबलेला असतो, तेव्हा आत कांद्याचा हा कारभार चाललेला असतो.

आणि हा कांदा सगळ्यांना चालतो थोडाच? ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी, चटकन आंबणाऱ्या अशा साखरा ज्यांच्या आतड्यांना सोसत नाहीत त्यांच्यासाठी, २००५ च्या सुमारास एक आहारपद्धती मांडली. तिच्यात वर्ज्य पदार्थांच्या यादीत कांदा आणि लसूण अगदी वरच्या ओळीत आहेत. नाशिककराला ही यादी दाखवली तर तो विचारेल, मग राहिलं काय? मात्र त्याच संशोधनातली एक गोष्ट आमच्या मिसळीच्या कामाची आहे. हे फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणजे नाशिकच्या काळ्या रश्श्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण मुरलं, की ते वेचून बाजूला काढायची सोय उरत नाही. आणि जिच्याकडे पाहून लोक पोटावर हात ठेवतात ती वर तरंगणारी लाल तर्री, वायूच्या बाबतीत तरी, निर्दोष असते. तिखट आणि तेल आपला हिशोब वेगळा चुकता करतात, तो भाग निराळा.

कांद्याशी जमवून घेण्याची एक जुनी रीत आमच्या घरात होती. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या आदल्या आदल्या दिवशी, कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका, भरले कांदे असा सगळा थाट. पुढे चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात त्या दिवशी पंगत उठताना आत्या जाहीर करायची, ‘‘आज कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत!’’ आणि रात्रभर माडीपासून ओसरीपर्यंत सगळे त्या कराराला जागायचे. मुलं तोंडावर पांघरूण ओढून हसायची. आजोबा हसायचेही नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचंच नाही.

मग काही महिने कांदा नाही. ज्या जिवाणूंचा शिधा बंद झाला, त्यांची वस्ती आतड्यात ओसरत असणार. मोनॅशचा आहार काही आठवडे पाळणाऱ्यांच्या पोटातले बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात, हे दिसलेलं आहे. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. खंडोबा कुलदैवत असलेल्या आमच्यासारख्या घरांत तेव्हा वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य होतो. सोडलेला कांदा त्या दिवशी पुन्हा पानात येतो. देवळालीच्या खंडोबाच्या टेकडीवर गर्दी उसळते. यातली पात माझ्या लक्षात राहिली आहे, कारण कांद्याच्या हिरव्या पातीत फ्रुक्टन अगदी कमी असतात. सुटलेली सवय पुन्हा लागायला सुरुवात होते ती अशी सौम्य बाजूनं. हे कुणी विचारपूर्वक ठरवलं होतं, असा दावा मी करणार नाही. मार्गशीर्षात शेतात पात असते, म्हणून ती देवापुढे येते. पण ऋतूनं घातलेला क्रम पोटालाही सोयीचा पडावा, याला माझी हरकत नाही.

मटकीचं प्रकरण कांद्याहून जुनं आणि जास्त बदनाम. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या पोटात नाही, त्यामुळे त्याही तशाच खाली उतरतात आणि जिवाणूंच्या हवाली होतात. आपल्या स्वयंपाकघरानं यावर शोधून काढलेले उपाय आपण इतक्या सहजपणे करतो, की ते उपाय आहेत हेही विसरलो आहोत. कडधान्य रात्रभर भिजत घालायचं, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं; त्याबरोबर काही साखरा मोरीत जातात. मग फडक्यात बांधून मोड आणायचे. दाणा जागा झाला, की त्याच्यातलंच विकर स्वतःच्या वाढीसाठी त्या साखरा मोडून वापरायला लागतं. जे काम आपल्या पोटाला येत नाही, ते आपण मटकीकडून तिच्याच पोटात करून घेतो. वालाला मोड आणून वर त्याची सालंही काढायची, म्हणजे बिरडं. शिवाय फोडणीत हिंग, ओवा.

कडधान्य पोटात गेल्यावर काय करतं, हा प्रश्न मराठी स्त्रीनं प्रयोगशाळेतही नेला. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतली प्रथिनं आणि त्या प्रथिनांच्या पचनाच्या आड येणारे घटक यांवर काम केलं. त्यांचा विषय प्रथिनांचा होता, तंतूंचा नव्हे. पण दाण्यात काय आहे एवढ्यावर न थांबता त्यातलं अंगी काय लागतं हे पाहायचं, ही दृष्टी त्यांच्या कामात दिसते. आजच्या डब्यावरचे आकडे मात्र पहिल्याच प्रश्नाशी थांबतात.

कडधान्यांच्या बाबतीत अमेरिकेत डोना विनहॅम आणि अँड्रिया हचिन्स यांनी २०११ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. रोज अर्धा कप शेंगवर्गी दाणे खाणाऱ्या लोकांना त्यांनी विचारलं, पोटात वायू वाढला का? सगळेच हो म्हणतील असं वाटेल. पहिल्या आठवड्यात पिंटो आणि बेक्ड बीन्स खाणाऱ्यांतले निम्म्याहून कमी लोक हो म्हणाले. चवळी खाणाऱ्यांत तर साधारण पाचातला एकच. आणि जसजसे आठवडे गेले, तसतशी तक्रार बहुतेकांच्या बाबतीत मावळत गेली. आणखी मौज म्हणजे, तुलनेसाठी ज्यांना गाजरं दिली होती त्यांच्यातलेही काही जण वायू वाढल्याचं सांगत होते. वायू थोडा आतड्यात होतो आणि थोडा मनात.

हे आठवडे फार महत्त्वाचे. ते आहारतक्त्यावर, डब्यावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठंच लिहिलेले नसतात. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकानं युगांडात बरीच वर्षं काम केलं. तिथल्या खेड्यांतले लोक भरपूर कोंडा-कंद खातात, त्यांचा मळ वजनदार असतो, तो लवकर बाहेर पडतो आणि पाश्चात्त्यांचे कितीतरी रोग त्यांच्यात दिसत नाहीत, हे त्यानं आणि ह्यू ट्रॉवेलनं १९७० च्या दशकात जगापुढे ठामपणे मांडलं. त्यांतले काही निष्कर्ष पुढे टिकले, काहींवर वाद झाले, पण फायबर हा शब्द घराघरांत गेला तो त्यांच्यामुळे. मात्र जाताना त्याचा एक अर्धा भाग मागेच राहिला. ती माणसं हे अन्न दूध सुटल्यापासून खात आली होती. त्यांच्या पोटाला सबंध बालपण मिळालं होतं.

असं बालपण आमच्याही जिल्ह्यात आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकते आणि तिथली कोकणा, महादेव कोळी, वारली घरं पिढ्यान्पिढ्या नागलीच्या भाकरीवर वाढली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पेठकडच्या. माझ्या सुनेनं एकदा मॉलमधून नागलीची बिस्किटं आणली, तेव्हा पुडा हातात धरून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, आमच्याकडं नागली खाणाऱ्याला लोक गरीब समजायचे. आता रेशनचा तांदूळ आलाय, पोरं नागलीला हात लावत नाहीत. आन् तुम्ही दुकानातून आणता!’’ सुनेनं मग भाकरीच सुरू केली, दोन्ही वेळा, आणि चौथ्या दिवशी पोट धरून बसली. मावशी हसल्या. ‘‘एकदम भाकरीवर कशाला गेलात? आधी आंबील प्या चार दिवस. मग अर्धी भाकरी खा, मग आख्खी.’’ आंबील म्हणजे रात्रभर आंबवलेल्या नागलीच्या पिठाची पातळ पेज. जिवाणूंच्या कामातला थोडा भाग आधी मडक्यातच उरकून घ्यायचा आणि मग उरलेलं पोटावर सोपवायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नागली, बाजरी आणि कणीक यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम तंतू दाखवले आहेत, ज्वारीत १० च्या आसपास, मटकीत सुमारे १५, आणि मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले की पाकिटावर ‘भरपूर फायबर’ म्हणता येतं. म्हणजे ज्याला कुणी कधी बढाई मारण्याच्या लायकीचं समजलं नाही, ते साधं बाजरीचं पीठ या परीक्षेत सहज पहिल्या वर्गात येतं. आपण मात्र आधी कोंडा चाळून टाकायचा, उरलेल्या मैद्याची बिस्किटं करायची, मग त्यांत चिकोरीची पावडर कालवायची आणि आरोग्य म्हणून विकायची, असा लांबचा वळसा घेतो. कोंड्याचा मांडा करणं ही पूर्वी गरिबाघरच्या गृहिणीची हुशारी होती. आता तो धंदा झाला आहे.

तरी त्या पावडरीला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. वय झालेल्या, दात गेलेल्या, भूक मंदावलेल्या माणसाला भाकरी-मटकी खा म्हणून सांगणं सोपं असतं, खाणं नाही. अशा वेळी वरून घेतलेला तंतू उपयोगी पडतो. फक्त एकटा तंतू आणि अन्नातला तंतू यांत फरक आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी चुंबकीय छायाचित्रणानं आतड्यातला वायू मोजला. हळव्या आतड्याच्या रुग्णांना नुसतं इन्युलिन दिलं तेव्हा वायू वाढला. तेच इन्युलिन इसबगोलाबरोबर दिलं तेव्हा ती वाढ पुष्कळ कमी झाली. जलद आंबणाऱ्याला एका संथ सोबत्यानं आवर घातला. ताटात हे आपोआप घडतं: मटकीतल्या साखरांसोबत तिचं साल येतं, कांद्यासोबत बाजरीचा कोंडा येतो. डब्यातली पावडर सोबतीशिवाय येते.

काही पोटांना मात्र हे काहीच मानवत नाही आणि त्यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहून हाल करून घेण्यात शहाणपण नाही. आतड्याचा मार्ग कुठं अरुंद झालेला असेल, गिळायला अडचण असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, तर तंतू डॉक्टरांना विचारूनच. इसबगोल आणि रोजची औषधं यांत दोनएक तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर ते औषधालाही आपल्या लगद्यात गुंडाळतं. आणि ज्यांचं आतडं हळवं आहे, त्यांची तक्रार खोटी नसते. तपासणीत अनेकदा दिसतं, की त्यांच्या पोटात वायू इतरांहून फारसा जास्त नसतो, पण तेवढाच त्यांना जास्त टोचतो. ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून त्यांना वाटेला लावणारे आप्त मी पाहिले आहेत. आतड्याची संवेदना ही आतड्याचीच असते.

राहता राहिला तो त्रास, जो पोटाचा नसून जागेचा असतो. निरोगी माणूसही दिवसातून १० ते २० वेळा वायू सोडतो. शेतावर, ओसरीवर, चुलीपुढे याची कुणी दखल घेतली नसती. तोच माणूस वातानुकूलित बँकेत काचेमागे आठ तास बसला, की तीच मटकी त्याला ‘चालेनाशी’ होते. तो ती सोडतो, मग भाकरी सोडतो, मग कांदा, मग मैद्याच्या सुरक्षित जगात येतो आणि काही वर्षांनी डॉक्टर त्याला सांगतात, फायबर वाढवा. आतड्यानं कधी नाही म्हटलंच नव्हतं. नाही म्हटलं होतं शेजारच्या खुर्चीनं. किती तंतू सोसतो याचा अभ्यास करणारे माणसाच्या पोटाबद्दल खूप प्रश्न विचारतात, पण तो दिवसभर कुणाच्या शेजारी बसतो हे फारसं विचारत नाहीत.

म्हणून कुणी मला विचारलं, की फायबर कसं वाढवू, तर मी आता आकडा सांगत नाही. चमच्याऐवजी पाव चमचा घे, आठवडाभर तेवढाच राहू दे, पाणी पी, मग वाढव, एवढं सांगते. आणि हेही सांगते, की सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांना विश्वासात घे. पोटाला नवी सवय लागेपर्यंत ते आवाज करणारच. तो ऐकून जो तोंड वाकडं करतो, त्याच्या ताटात दुसऱ्या दिवशी दुप्पट मटकी वाढावी.